थिनिंगच्या दिवसांत चरखा

पत्र:

"मी निफाड तालुक्यातली. चार एकर द्राक्षबाग. घरात सासू-सासरे, नवरा, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. माहेर वर्ध्याकडचं. आजोबा रोज पेटीचरख्यावर सूत कातायचे, त्यांच्याजवळ बसून शिकले. लोकरीचं विणकाम आईकडून आलं. दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात हातमाग शिकले आणि छोटा टेबलमाग घेतला. श्रावणात त्यावर उपरण्याचा ताणा (उभे धागे) चढवला, हातभर विणून झालं आणि छाटणीची गडबड सुरू झाली. तेव्हापासून माग कोपऱ्यात पडून आहे, दिसला की जीव तुटतो. धाकट्या नणंदेला जानेवारीत बाळ होणार आहे. तिला स्वेटर, टोपडं, मोजे, शाल असा पूर्ण सेट कबूल करून बसलेय. जावेला मफलर हवाय. सासूबाई वाईट बोलत नाहीत, पण म्हणतात, 'हंगाम संपू दे, मग बस की निवांत.' मैत्रीण म्हणते, विकायला काढ, पैसे दिसले की कुणी काही बोलणार नाही. रात्री अकरानंतर बसून पाहिलं, तर चुकाच जास्त होतात. मुलगी तकली (हातानं फिरवून सूत कातायचं छोटं साधन) शिकव म्हणून मागे लागलीय, तिलाही 'नंतर' सांगते. अशा दिवसांत हा नाद करावा का? आणि करायचा तर वेळ आणायचा कुठून?"
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर:

ताई,

करावा. आणि हंगामातच करावा, कारण तुमच्या घरात हंगाम नाही असा काळ फारसा नाहीच. ऑक्टोबरची गोडी (फळासाठीची) छाटणी झाली की माल निघेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मग बागेला थोडे दिवस विश्रांती आणि लगेच एप्रिलची खरड छाटणी. उन्हाळ्यात काडी तयार करायची, पावसाळ्यात ती सांभाळायची, मध्ये लग्नं, सुट्टीतले पाहुणे, मुलांच्या शाळा. सासूबाई प्रेमानं म्हणतात हे मला पटतं, पण त्यांच्या म्हणण्यातलं 'निवांत' कुठल्या महिन्यात येतं ते त्यांनाच विचारून बघा. त्यांच्या आयुष्यात तरी ते कधी आलं होतं का?

तुमच्या पत्रात एक गोष्ट मला खटकली. तुम्ही कातणं, मागावरचं विणणं आणि सुयांवरचं विणणं या तिघांसाठी मिळून एकच वेळ शोधताय. या तिघांची भूक अगदी वेगवेगळी आहे. मागाला जागा लागते, सलग बैठक लागते आणि लक्ष पूर्ण लागतं. चरख्याला जमिनीवर बसण्यापुरती जागा आणि पाव तास पुरतो, कुठल्याही क्षणी उठता येतं. सुया पिशवीत घालून कुठेही नेता येतात, पण त्यांवर काय विणताय यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून तिघांचं वेगवेगळं बोलू.

आधी माग, कारण जीव तिथे तुटतोय. येत्या चार महिन्यांत त्यावर बसायचं नाही, असं आजच ठरवून टाका. तुमच्या वेळापत्रकात दहा मिनिटं बसून उठण्याला मागावर काही अर्थ नाही. आडवा धागा बसवणाऱ्या फणीचा ठोक हातात बसायलाच तेवढा वेळ जातो. आठ-आठ दिवसांनी चार ओळी विणल्या, तर प्रत्येक बैठकीचा ठोक वेगळा पडतो आणि उपरण्यावर कुठे दाट कुठे विरळ असे पट्टे उमटतात. तुमचं हातभर झालेलं काम चांगलं असेल, ते बिघडवू नका.

पण माग बंद करायचा तर रीतसर बंद करा. ताणा तसाच ताणून ठेवू नका, मागच्या रुळाची खुंटी एक-दोन दात सैल करा. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: एका इंचात आडवे धागे किती बसवत होतात, नक्षीची कुठली ओळ झाली आणि पुढची कुठली, आणि बाण्याचं (आडव्या धाग्याचं) सूत कुठे ठेवलंय. कागद मागालाच बांधा. चार महिन्यांनी यातलं काहीही आठवत नसतं. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी (सूत गुंडाळलेली नळी) काढून ठेवा. ताण्याला खळ दिली असेल तर कसरीपासून आणि उंदरांपासून जपा, दोघांनाही खळीची चव लागते. वरून जुनं धुतलेलं सुती लुगडं झाका. असा आवरून ठेवलेला माग रोज दिसला तरी टोचत नाही, कारण तो आता अर्धवट टाकलेला नसतो, त्याची तारीख ठरलेली असते. माल निघाल्यावर बाग विश्रांतीला जाते ते दिवस त्याचे. ते दिवस पाहुण्यांना, साफसफाईला किंवा कुणाच्या कामाला देऊन टाकायचे नाहीत, हेही आताच ठरवा. पुन्हा बसाल तेव्हा पहिल्या चार-सहा ओळी हात बसेपर्यंत विणा, उसवून टाका आणि मग खऱ्या कामाला लागा.

येवला तुमच्याच जिल्ह्यातलं. तिथे पैठणी विणणाऱ्यांच्या घरात माग असतो आणि त्याच्याभोवती घर चालतं. विणणारा एक असला तरी कांड्या भरायला, नक्षीच्या रंगीत तिल्ल्या भरायला घरातले इतर हात लागतात. तो माग त्यांचं पोट आहे, तुमचा नाही, त्यामुळे त्यांच्याइतका वेळ तुमचं घर मागाला देणार नाही, आणि तशी अपेक्षाही नको. पण कांड्या भरून ठेवण्याचं काम मुलगा-मुलगी करू शकतील. सासरे संध्याकाळी ओट्यावर बसत असतील तर लडी उकलून गुंडे करायला त्यांना द्या. मार्चमध्ये मागावर बसाल तेव्हा भरलेल्या कांड्यांचा डबा शेजारी असला पाहिजे. हंगामात तेवढंच हातून होतं, जे उचललं की लगेच सुरू करता येतं. सूत शोधा, सुई शोधा, कुठे थांबलो होतो ते आठवा, यातच मिळालेला पाव तास संपतो आणि मग आपण म्हणतो वेळ मिळाला नाही.

आता कातणं. या मोसमात तुमचा मुख्य आधार चरखा असावा असं माझं मत आहे. त्याला टाके मोजावे लागत नाहीत, नक्षी लक्षात ठेवावी लागत नाही. एक हात चाकावर, एक पेळूवर (पिंजलेल्या कापसाच्या वळीवर). सूत तुटलं तर जोडायचं, मुलानं हाक मारली तर उठायचं. दिवसभर मजुरांच्या मागे, सांगण्या-ऐकण्यात गेलेल्या डोक्याला ते फार मानवतं.

पण रोजचा नेम धरू नका. हे तुमच्या आजोबांना कदाचित आवडलं नसतं, तरी सांगते. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष होते. सभासद व्हायचं तर महिन्याला २००० वार सूत द्यायचं, अशी अट तिथे मान्य झाली. रोज अर्धा तास कातावं ही गांधीजींची मागणी होती. देशासाठी घरदार सोडायला निघालेली माणसं, तरी ती अट पेलवली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती सैल झाली आणि सुताऐवजी चार आणे चालतील असं ठरलं. रोजच्या नेमाचं असंच होतं. दोन दिवस चुकले की तिसऱ्या दिवशी चरख्याकडे बघवत नाही.

त्यापेक्षा विनोबांची सूतांजली मला तुमच्यासाठी जवळची वाटते. वर्षातून एकदा अर्पण करायची, स्वतः कातलेली ६४० तारांची एक गुंडी (सुताची लडी). माहेर वर्ध्याकडचं म्हणजे पवनारला धाम नदीवर १२ फेब्रुवारीचा सर्वोदय मेळा तुम्ही लहानपणी पाहिला असेल, आजोबांबरोबर गेलाही असाल. गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या तो दिवस. तुमची एक गुंडी त्या तारखेपर्यंत करायची, एवढंच धरा. आत्तापासून साधारण १६ आठवडे आहेत. म्हणजे आठवड्याला ४० तार. चार फुटांचा एक तार धरला तर १६० फूट. हात बसलेल्या बाईला आठवड्यातून एकदा पाव तास, फार तर वीस मिनिटं. एखादा आठवडा कोरडा गेला तर पुढच्यात भरून निघतं. मेळ्याला जाणं होणार नाही, तेव्हा तुमच्याकडे क्रेट भरत असतील, पण गुंडी माहेरी कुणाच्या हाती पाठवता येईल.

भाऊबीजेला माहेरी जाणार असाल तर पेळू तिकडूनच घेऊन या. वर्ध्याला गोपुरीत ग्राम सेवा मंडळ आहे, तुम्हाला मी काय सांगणार. पुरेल त्यापेक्षा थोडे जास्तच आणा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. थंडीतल्या कोरड्या दुपारी कापूस उडतो आणि सूत जास्त तुटतं. सकाळची किंवा रात्री जेवणानंतरची वेळ बरी. कापसाच्या सुताला थोडा ओलावा मानवतो.

विणकामावर मला जरा कडक बोलायचंय. नणंदेचा सेट होणार नाही. तो कबूल करायला नको होता असं मी म्हणत नाही, प्रेमानं केलाय. पण आता तिला फोन करून सांगा: टोपडं जानेवारीत, स्वेटर पुढच्या थंडीत. यात तिचाच फायदा आहे. जानेवारीत जन्मलेलं बाळ दोन महिन्यांत उन्हाळ्यात जातं. नवजात मापाचा स्वेटर ते मोजून काही वेळा घालेल आणि पुढच्या थंडीत त्याचा हातही त्यात शिरणार नाही. वर्षाच्या मापाचा विणा, तोही सावकाश, पावसाळ्यात. शाल कुणीतरी विकतची आणणारच आहे. बाळाच्या टोपड्याला मऊ लोकर घ्या, टोचणारी दख्खनी लोकर नको, ती घोंगडीलाच शोभते. बांधायला लांब दोऱ्या ठेवू नका, त्या बाळाच्या गळ्याशी येतात. ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात टोपडं होईल, बहुतेक मोजेही होतील. जावेचा मफलर वाट बघू शकतो. मोठ्या माणसाला गारठा सोसतो, आणि सगळ्यांना हो म्हणणाऱ्या बाईच्या सुयांवर स्वतःचं काही कधीच चढत नाही.

सुयांवर काय ठेवायचं? घरी बसून करायचं एक आणि पिशवीतलं एक, बस. पिशवीतलं काम असं असावं की त्यात नुसते सुलट टाके आहेत, घट-वाढ नाही. टाके घरून घालून न्या, बांधावर बसून टाके घालू नका. ओळ पुरी केल्याशिवाय खाली ठेवायचं नाही. व्यापारी आला, ट्रक आला, तरी ती दहा-वीस टाक्यांची ओळ संपवूनच उठा, तेवढं कुणी थांबतं. दर दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा दोरा टाक्यात अडकवा म्हणजे मोजदाद डोक्यात ठेवावी लागत नाही. अवघड भागाआधी, म्हणजे टोपड्याचा डोक्यावरचा घेर कमी करायला लागण्यापूर्वी, गोधडीच्या सुईनं सगळ्या टाक्यांतून एक पातळ दोरा ओवून ठेवा. पुढे चुकलं तर उसवताना तिथवर येऊन थांबता येतं, सगळं जात नाही. रात्री विणणार असाल तर रंग फिका घ्या. काळ्या, निळ्या लोकरीचे टाके दिव्याखाली दिसत नाहीत, तुमच्या अकरानंतरच्या चुकांत तेही असणार.

आणि अकरानंतर नकोच. झोपेतून वेळ काढू नका. रात्रपाळीची लाईट आली की मोटार चालू करायला तुमच्या घरातलं कुणीतरी उठतंच, तुमचीही झोपमोड होत असेल. त्यातून उरलेली झोप धाग्यांना दिली तर हे सगळं तुम्हाला नकोसं होईल, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

बागेबद्दल थोडं. हंगाम सगळा सारखा घट्ट नसतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. पोंगा (नवा कोंब) फुटल्यापासून डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि थिनिंग (घडातले मणी विरळ करणं) होईपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. आभाळ आलं की डाऊनी रोगाची धास्ती, मजूर मिळाले तर ते सांभाळायचे, न मिळाले तर आपणच कात्री घेऊन उभं राहायचं. थिनिंगचे ते आठवडे विणकामातून पूर्ण वगळा. वेळेपेक्षाही हातासाठी. दिवसभर विरळणीची कात्री चालवली की अंगठ्याचं मूळ आणि मनगट भरून येतं, आणि सुयाही नेमक्या त्याच जागेवर ताण देतात. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर विणणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. चरख्याला हात वेगळा फिरतो, तो त्या दिवसांतही पाच-दहा मिनिटं चालेल. द्राक्षमण्यांत पाणी उतरलं, ते मऊ होऊ लागले की पुन्हा थोडी उसंत मिळते. कामं असतातच, पण राखणीची, वाट बघण्याची कामं वाढतात. पिशवीतलं विणकाम तेव्हाचं.

वाट बघताना सुया हातात घेणाऱ्या बायका जगभर आहेत. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर बायका पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या, सुई टेकवायला कमरेला खास पट्टा असायचा. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कळपामागे चालताना तकलीवर लोकर कातत जातात. पण हे ऐकून हुरूप आला तरी एक ध्यानात ठेवा, त्यांचं ते पोटापाण्याचं काम होतं. तुमच्या प्रत्येक मोकळ्या मिनिटात हात चालायलाच हवा, असं मी मुळीच म्हणत नाही. बांधावर नुसतं बसावंसं वाटलं तर नुसतं बसा.

बागेत पिशवी नेताना दोन पथ्यं पाळा. फवारणीच्या दिवशी लोकर बागेत न्यायची नाही आणि औषधांच्या खोलीत कधीच ठेवायची नाही. विशेषतः बाळाचं काम. साबणानं हात धुऊनच त्याला हात लावा. बोर्डो या बुरशीनाशकाचा निळसर डाग तर सहज लागतो. दुसरं, थंडी वाढली की पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, तिथे सुया घेऊन बसण्याचा मोह होईल. बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिक असते. ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर करपते पण तशी भडकत नाही. शेकोटीजवळ दोन्ही नकोत. आणि हात फुटले असतील तर रात्री कोकमाचं तेल चोळून झोपा, फुटलेल्या बोटांना धागा अडकतो आणि सुताचा कस जातो.

विकण्याबद्दल मैत्रिणीचं ऐकू नका, निदान या वर्षी. विकायला काढलं की गिऱ्हाईक तारीख मागतं, आणि तारखा तुमच्याकडे आधीच पुष्कळ आहेत. हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या उपरण्याला लागलेले तास धरले तर त्याची रास्त किंमत ओळखीपाळखीत कुणी देत नाही. घरच्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून पैसे दाखवायची गरज तुम्हाला का वाटावी? जेवणानंतर नवरा फोनवर बागायतदारांच्या ग्रुपवर अर्धा तास घालवत असेल, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. तुमच्या पाव तासाचाही मागायला नको.

सासूबाईंशी मात्र नीट बोला. परवानगी मागितल्यासारखं नको आणि भांडूनही नको. ठरलेलं सांगा: "आई, माल निघेपर्यंत मागाला हात लावणार नाही. रविवारी रात्री जेवणं झाली की पाव तास चरख्यावर बसणार आहे, तेवढ्यात चहा-पाणी कुणीतरी बघा." ठोस वेळ ऐकली की माणसं शांत होतात. त्यांना भीती वाटत असते ती न संपणाऱ्या बैठकीची. त्यांनी स्वतः उन्हाळ्यात गोधड्या घातल्या असतील. एखादी अर्धी राहिलेली असेल तर ती काढायला सांगा, दोघी एका सतरंजीवर बसा.

मुलीला 'नंतर' सांगू नका. बाकी सगळं पुढे ढकला, हे नको. तकली शिकवायला चरख्यासारखी मांडामांड लागत नाही आणि आठवीतल्या मुलीची हौस मार्चपर्यंत टिकेलच असं नाही. या दिवाळीच्या सुट्टीतच सुरू करा. पेळू सैल असलेला द्या, घट्ट पेळूतून तंतू सुटत नाहीत आणि मुलं कंटाळतात. आधी पीळ आणि ओढ वेगवेगळी करायला लावा: तकली फिरवायची, मांडीला टेकवून थांबवायची, मग ओढायचं. दोन्ही एकदम जमायला वेळ लागतो. सुरुवातीला तिचं सूत कुठे दोरीसारखं तर कुठे केसासारखं येईल. ते टाकू नका. ताण्याला ते चालणार नाही, तुटेल, पण बाण्याला चालतं. तिच्या सुताच्या कांड्या वेगळ्या भरून ठेवा आणि उपरण्याच्या उरलेल्या भागात, शेवटच्या काठाजवळ, चार बोटं तेच घाला.